हागणदारीमुक्ती : शौचालय बांधून झाल्यानंतरच्या संवादाचे काय?

धागाकर्ता : मुठाकाठ

सप्रेम नमस्कार.

पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गट संसाधन केंद्रात मी बरीच वर्षे पाणी व स्वच्छता या विषयाचा समूह समन्वयक होतो. सध्या शहरातील काही वस्त्यांमध्ये सामुदायिक शौचालयांच्या देखभालीसाठी स्थापन झालेल्या रहिवासी समित्यांबरोबर काम करतो. अशाच एका समितीसाठी पुढील वर्षाचा संवाद आराखडा लिहायला घेतला आहे आणि तो अंतिम करण्यापूर्वी येथील जाणकारांशी या विषयावर सविस्तर बोलावे, असे वाटले.

2011 च्या जनगणनेत देशातील 49.8 टक्के कुटुंबे उघड्यावर शौचास जात असल्याची नोंद झाली होती. 2 ऑक्टोबर 2014 रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, महाराष्ट्राचा ग्रामीण भाग एप्रिल 2018 मध्ये हागणदारीमुक्त घोषित झाला आणि 2 ऑक्टोबर 2019 रोजी संपूर्ण ग्रामीण देशाविषयी तशी घोषणा झाली. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळातील नोंदींत, 19 टक्के कुटुंबे अद्याप कोणतेही शौचालय वापरत नसल्याचे आढळले. दहा वर्षांत निम्म्यावरून पाचव्या हिश्श्यापर्यंत येणे हे फार मोठे काम आहे आणि ते ज्यांनी पहाटे उठून, गावोगाव फिरून केले त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. प्रश्न उरलेल्या पाचव्या हिश्श्याचा आहे, तसेच घरी शौचालय असूनही टमरेल घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसांचाही आहे, जी कुटुंबांच्या मोजणीत दिसतच नाहीत. 2014 मध्ये बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश व हरियाणा या राज्यांत झालेल्या ‘स्क्वॉट’ पाहणीत, घरात चालू स्थितीतील शौचालय असलेल्या 40 टक्क्यांहून अधिक कुटुंबांतील किमान एक माणूस बाहेरच जात असल्याचे दिसले होते. आपल्याकडे प्रमाण वेगळे असेल, परंतु गृहभेटी केलेल्या कोणालाही हा प्रकार अपरिचित नाही.

या लोकांपर्यंत संदेश पोहोचलेला नाही, असे समजून आपण पुन्हा भिंती रंगवतो आणि पुन्हा कलापथक बोलावतो. माझा अनुभव असा, की संदेश प्रत्येकाला तोंडपाठ आहे. जे अडते ते दुसरेच असते आणि ते सांगायला माणसे तयार असतात, फक्त विचारणारा घाईत नसावा लागतो. सुनेने व सासऱ्याने एकच शौचालय वापरणे घरात पटत नाही. पाणी हापशावरून आणावे लागते आणि ते आणणारी बाई म्हणते, की पुरुषांनी शेतात गेलेले बरे. बांधलेल्या खोलीत सरपण व गोवऱ्या भरलेल्या असतात, कारण घरात दुसरी कोरडी जागा नाही. आणि या सर्वांपेक्षा अधिक वेळा, परंतु दबक्या आवाजात, कानावर येते ते वाक्य म्हणजे ‘खड्डा भरला तर उपसायचा कोणी?’

या एका वाक्यावर आपल्या संवादाने फार कमी वेळ दिला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाचे तंत्र सोपे आहे. एका वेळी एकच खड्डा वापरायचा, तो भरला की मधल्या चौकोनी कुंडीतून मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा आणि पहिला दीड ते दोन वर्षे झाकून ठेवायचा. पाणी जाळीच्या बांधकामातून, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीत ठेवलेल्या भोकांतून, जमिनीत मुरते. उरणारा गाळ माणशी वर्षाला साधारण 40 ते 45 लिटर एवढाच धरला जातो. म्हणजे पाच माणसांच्या घराचा वर्षभराचा गाळ सुमारे 200 लिटर होतो, अंगणातील निळ्या पिंपाएवढा. एक घनमीटरचा खड्डा त्यामुळे जवळजवळ पाच वर्षे पुरतो. हे पिंप समोर ठेवून हिशेब मांडला, की लोक विचारात पडतात, कारण खड्डा सहा महिन्यांत भरेल अशीच बहुतेकांची धारणा असते आणि त्या भीतीपोटी घरातील एक-दोघे मुद्दाम बाहेर जाऊन खड्डा ‘वाचवतात’.

परंतु केवळ हिशेबाने काम भागत नाही. दोन वर्षे झाकलेल्या खड्ड्यात कोरडे, वास नसलेले खत तयार होते, हे सांगणे सोपे आहे. तो खड्डा स्वतःच्या फावड्याने उघडण्याचा प्रसंग आला, की शेकडो वर्षांची जातीची विभागणी मध्ये उभी राहते. मैला ज्यांच्या डोक्यावर दिला गेला त्यांनी ते काम नाकारले, हे न्याय्यच झाले, आणि 2013 च्या कायद्याने ते काम कोणाकडूनही हाताने करून घेण्यास मनाई केली. मग उरलेल्या समाजाने आपल्या खड्ड्याचे काय करायचे, हा प्रश्न उघडपणे बोलला गेलाच नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्रीय पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे स्वतः खड्ड्यात उतरून खत बाहेर काढले. त्या एका कृतीचे मोल मला अनेक चित्रफितींपेक्षा अधिक वाटते. मात्र ते दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्याने करणे आणि गावातील पाटलाने आपल्याच अंगणात करणे यांत अंतर आहे, आणि दुसरी गोष्ट घडवून आणणे हे संवादाचे काम आहे.

आणखी एक गोष्ट. शौचालयाविषयी कुटुंबाशी सर्वात प्रभावी बोलणारा माणूस गवंडी असतो. ‘लहान खड्डे कशाला, एकच मोठी टाकी करा, जन्मात बघावे लागणार नाही,’ असे तो म्हणाला, की आमची माहितीपत्रके बाद होतात. तरीही संवादाचा निधी फलकांवर जातो आणि गवंडी प्रशिक्षण हा बांधकामाचा विषय मानला जातो.

उघड्यावर शौचास बसणाऱ्यांना अडवणारी पहाटेची पथके, शहरातील सामुदायिक शौचालये आणि वारीसारखे मोठे मेळावे या तिन्हींबाबत संवाद कसा असावा, याविषयी आपले अनुभव वाचण्यास उत्सुक आहे.

प्रतिसाद : पेठकर

धागा महत्त्वाचा आहे. मी या क्षेत्रात काम करत नाही, परंतु पुण्याच्या इतिहासाचा वाचक म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. 1897 च्या प्लेगमध्ये या शहराने सार्वजनिक आरोग्याच्या दोन रीती एकाच वेळी पाहिल्या. रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांनी पेठांमधील घरांत शिरून तपासणी केली, माणसे बाहेर काढली, सामान जाळले. रोग थोपवण्याचा हेतू खरा होता, तरीही लोक रुग्ण लपवू लागले, आणि 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवत होत्या आणि त्याच संसर्गाने 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. दोन्हीकडे सांगणे एकच होते, की रुग्णाला वेगळे ठेवा व उपचार घ्या. ते कोण सांगतो आणि सांगताना माझ्या उंबऱ्याचा मान राखतो की नाही, यावर लोकांनी काय ऐकायचे ते ठरवले. पहाटेच्या पथकांविषयी बोलताना हे स्मरणात असावे.

प्रतिसाद : मावळवारा

मी आमच्या ग्रामपंचायतीचा सदस्य होतो आणि गुड मॉर्निंग पथकाबरोबर पहाटे चार वाजता रस्त्यावर उभा राहिलो आहे. पेठकर यांचा दाखला मला रुचला, तरी पथकांची तुलना सोजिरांशी होऊ नये. आमचे पथक गावचेच होते. ग्रामसेवक, शिक्षक, अंगणवाडी सेविका, तंटामुक्ती समितीचे दोघे-तिघे आणि कधीतरी पोलीस पाटील. त्याआधी ग्रामसभेत ठराव झाले, पथनाट्ये झाली, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या वेळी गावाने रांगोळ्या काढून समितीचे स्वागत केले, आणि समितीची गाडी वेशीबाहेर गेल्यावर पांदण होती तशीच राहिली. अनुदानाचे 12,000 रुपये घेऊन शौचालय बांधलेला माणूस शौचालयाला कुलूप लावून रस्त्याकडेला बसतो, तेव्हा गोड बोलण्याला मर्यादा असते. पथक उभे राहू लागल्यावर आमच्या गावाच्या दोन्ही बाजूंचे रस्ते स्वच्छ झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मुलींना सकाळी शाळेत त्या रस्त्याने नाक धरून जावे लागत होते. त्यांच्याही मानाचा विचार व्हावा.

प्रतिसाद : मुठाकाठ

मावळवारा, आपण मांडलेली बाजू प्रामाणिक आहे आणि शाळेत जाणाऱ्या मुलींचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. अनुदान घेऊन शौचालयाला कुलूप लावणाऱ्याला जाब विचारणे हा ग्रामसभेचा हक्क आहे, याविषयीही दुमत नाही. माझा आक्षेप पकडण्याला व फोटो काढण्याला आहे.

पथकाच्या हाती कोण लागतो, हे पाहिले पाहिजे. ज्याची स्वतःची शेती आहे तो आपल्या बांधाआड जातो आणि त्याला कोणी विचारत नाही. रस्त्याकडेला सापडतो तो भूमिहीन, ऊसतोडीला आलेला, वीटभट्टीवरचा किंवा गावठाणात शौचालयापुरतीही जागा नसलेला माणूस. बायका पथकाच्या भीतीने आणखी अंधारात, आणखी दूर जातात. त्यामुळे रस्ता स्वच्छ होतो हे खरे, परंतु हागणदारी ओढ्याकडे सरकते आणि पथक थांबले की हळूहळू परत येते. 2017 मध्ये राजस्थानातील प्रतापगढ येथे शौचास बसलेल्या महिलांची छायाचित्रे घेण्यास हरकत घेणाऱ्या एका कार्यकर्त्याचा त्या प्रसंगानंतर मृत्यू झाला आणि त्यावरून देशभर वाद झाला. त्या टोकाला आपण कधी गेलो नसू, तरी गुलाबाचे फूल देऊन फोटो काढणे हीदेखील मानहानीच आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या पद्धतीचा आधार घेऊन अशी पथके उभी राहिली, ती लोकचळवळीतून संपूर्ण स्वच्छतेची पद्धत डॉ. कमल कार यांनी 1999-2000 च्या सुमारास बांगलादेशातील राजशाही जिल्ह्यातील मोसमोइल या गावात विकसित केली. तिच्यात गावकरीच जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, कोण कोठे बसतो तेथे पिवळी भुकटी टाकतात आणि मग सर्व जण मिळून त्या जागांवरून फिरतात. पाण्याच्या पेल्यात विष्ठेला लागलेला एक केस बुडवून ‘आता हे पाणी प्याल का?’ असे विचारले जाते. कोणी पीत नाही. मग माशीला पाय किती, हा प्रश्न येतो, आणि पुढचे अनुमान गावकरी स्वतः काढतात. बाहेरचा माणूस शौचालय बांधा, असे एकदाही म्हणत नाही. यात लाज आहे, किळसही आहे, परंतु ती संपूर्ण गावाला एकत्र वाटते आणि तिच्यातून निर्णयही गावच घेते. आपल्याकडे ती पद्धत येताना सामूहिक लाजेची जागा एकट्या माणसाच्या अपमानाने घेतली. माझ्या मते सर्वात मोठे नुकसान येथे झाले.

प्रतिसाद : निवडुंग

वरील पद्धतीविषयी वाचताना गाडगेबाबांच्या कीर्तनांची आठवण झाली. ते दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न अधिक असत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच मोठ्याने वदवून घेतले जाई. ज्या अभियानाला त्यांचे नाव दिले त्यात स्पर्धा व गुण आले आणि ते सवाल-जबाब मागे पडले, असे मला वाटते. शाळेत शिकवताना मी ‘हात का धुवावेत’ यावर व्याख्यान देणे सोडून दिले आहे. नळाजवळ साबण जाळीच्या पिशवीत बांधून ठेवला आणि मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटे मोकळी ठेवली, की मुले न सांगता हात धुतात. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात ‘सुपर अम्मा’ नावाची मोहीम झाली होती, तिचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात जंतूंविषयी जवळजवळ काहीच सांगितले नव्हते. किळस आणि मुलांना चांगले वळण लावणारी आई, या दोन भावनांवर भर होता, आणि साबणाने हात धुण्याचे प्रमाण त्यातून स्पष्टपणे वाढले.

प्रतिसाद : ओवी

मी पुण्यातील एका वस्तीत राहते आणि आमच्या शौचालय समितीची सदस्य आहे. खेड्यातील चर्चा वाचली. शहरातील अडचण निराळी आहे आणि तिच्यावर कोणी आम्हाला ‘सवय बदला’ असे सांगितले, की राग येतो. शौचालय घरात बांधायला जागा नाही. जे सामायिक आहे त्याच्या निम्म्या दारांना कड्या नसतात. दिवा गेला तर नवा बसायला आठवडे लागतात. रात्री दहानंतर तेथे मुलीला एकटीला पाठवत नाही, म्हणून घरातल्या बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत कापड किंवा पॅड टाकायला डबा नसतो, ते भांड्यात टाकले जाते, भांडे तुंबते आणि मग ‘बायका घाण करतात’ असा फलक लागतो. हा फलकही संवादच आहे आणि तो आम्हाला काय सांगतो, हे समजून घ्यावे.

लहान मुलांविषयी कोणी बोलत नाही. सकाळच्या रांगेत मोठी माणसे कामावर जाण्याच्या घाईत असतात, मुलाला मागे ढकलले जाते. भांडे त्याच्या मापाचे नसते, आत अंधार असतो, पडण्याची भीती वाटते. मग आई त्याला गटाराच्या कडेला बसवते. आमच्यातल्या जुन्या बाया सांगतात, की 1999-2000 मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात महापालिकेने स्पार्क, महिला मिलन आणि इतर संस्थांच्या साहाय्याने शहरात चारशेहून अधिक शौचालये बांधली, तेव्हा त्यांतील अनेक ठिकाणी मुलांसाठी वेगळी, लहान भांडी ठेवली होती आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला खोली दिली होती. नकाशा काढताना बायकांना विचारले गेले होते, म्हणून ती मुलांची जागा आली. विचारले नसते तर कोणाच्या लक्षात आले असते?

मुठाकाठ यांना माझे सांगणे एवढेच, की आराखड्यात पहिल्या महिन्यात एकही घोषणा ठेवू नका. पहिल्या महिन्यात कड्या बसवा, दिवे लावा, डबा ठेवा, आणि काम झाले की ते कोणाच्या तक्रारीवरून झाले ते फलकावर लिहा. त्यानंतर लोक समितीच्या बैठकीला येतील, कारण बोलल्याने काहीतरी होते हे त्यांना दिसलेले असेल. शेल्टर असोसिएट्स ही पुण्यातील संस्था वस्त्यांमध्ये घरोघरी शौचालयासाठी साहित्य देते आणि बांधकामाचा खर्च कुटुंब उचलते. तेथेही आधी घर आणि मलवाहिनी यांची मोजणी होते व मग बैठक होते, हे मी जवळून पाहिले आहे. ज्या गल्लीत मलवाहिनीच नाही तेथे घरच्या शौचालयाची भाषणे करणे हे लोकांना फसवण्यासारखे आहे.

प्रतिसाद : इंद्रायणी

या धाग्यात देहूचा उल्लेख आलाच पाहिजे. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर 1960 च्या सुमारास देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांचे आजार अस्वच्छ पाण्याचे व उघड्यावरच्या शौचाचे आहेत, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. त्यांनी लोकांना समजावून काही शौचालये बांधली, पण ती पावसाळ्यात खचली आणि लोकांचा विश्वासही खचला. पुढे अप्पासाहेब पटवर्धन यांच्याशी त्यांचा संबंध आला. कोकणात सफाईच्या कामाला वाहून घेतलेल्या अप्पासाहेबांनी मैल्याला हात न लावता खत मिळेल अशा संडासांची रचना केली होती. मापुसकरांनी ते तंत्र आत्मसात केले, सुधारले, नंतर मैल्यावर चालणाऱ्या गोबरगॅस संयंत्राची जोड दिली आणि जवळजवळ वीस वर्षे एकेका घराशी बोलत देहूतील घरोघर शौचालये उभी केली. अप्पासाहेबांच्या नावाने त्यांनी देहूत सफाईचे प्रशिक्षण देणारी संस्थाही चालवली. 2015 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

मला यातून जे जाणवते ते असे. पहिली शौचालये खचल्यावर लोक जे बोलले तो ‘विरोध’ नव्हता, तो अचूक अनुभव होता. पुन्हा लोकांसमोर जाण्यापूर्वी त्यांनी तंत्र बदलले. आजच्या कार्यक्रमांत वापर होत नाही असे दिसले, की संवाद ‘कमी पडला’ असे लिहिले जाते आणि शौचालय सदोष असण्याची शक्यता तपासली जात नाही. दुसरे म्हणजे वीस वर्षे. तेवढा अवधी कोणत्याही अभियानाला मिळत नाही. परंतु डॉक्टर त्याच गावात राहिले, त्याच लोकांना औषध देत राहिले, आणि जुलाबाचे मूल घेऊन आलेल्या आईशी शौचालयाविषयी बोलले. बोलण्याला तो प्रसंग होता. कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी नेमलेला संवादक हे कसे करणार?

प्रतिसाद : मुठाकाठ

इंद्रायणी, मनापासून आभार. अकरा महिन्यांचा मुद्दा आपण नेमका पकडला. माझे कितीतरी सहकारी केवळ नेमणुकीचे नूतनीकरण न झाल्याने गेले आणि त्यांच्याबरोबर प्रत्येक वाडीतील कोणाशी काय बोलणे झाले होते, ती सर्व माहितीही गेली. त्यामुळेच आता मी समितीच्या नोंदवहीत कुटुंबनिहाय पान ठेवण्याचा आग्रह धरतो. शौचालय आहे की नाही, एवढी नोंद पुरत नाही. कोण वापरतो, कोण वापरत नाही आणि तो काय कारण सांगतो, हे त्याच्याच शब्दांत लिहिलेले असावे. आशाताई व अंगणवाडी सेविका गावात कायम असतात, त्यांना हे पान उपयोगी पडते. मात्र त्यांच्यावर आधीच किती कामे लादलेली आहेत, हे पाहता त्या कामाचा मोबदला दिल्याशिवाय ते सांगू नये.

प्रतिसाद : चुनाविटा

मी गवंडीकामाची देखरेख करतो. धागाकर्त्यांनी गवंड्याविषयी लिहिले ते योग्य आहे, त्याला थोडी पुस्ती जोडतो. मोठी टाकी सुचवण्यात गवंड्याचा फायदा असतो, कारण काम मोठे होते. पण खरे कारण नेहमी तेवढेच नसते. मावळ-मुळशीत पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येते, खड्ड्यात पाणी उलटते आणि मालक गवंड्यालाच धरतो. तेथे खड्डा जमिनीपासून उंचावून, भोवती मातीचा भराव करून बांधावा लागतो. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, त्यामुळे जाळीच्या बाहेरून वाळू-खडीचा थर द्यावा लागतो. हे प्रशिक्षणात नीट शिकवले, तर गवंडी स्वतःहून दोन खड्डे सुचवेल. आणखी एक सूचना अशी, की खड्डा बदलण्याची तारीख दाराच्या आतल्या बाजूस तेलरंगात लिहून ठेवावी. पाच वर्षांनी कागद सापडत नाही आणि कोणता खड्डा चालू आहे, तेही कोणाच्या लक्षात राहत नाही.

प्रतिसाद : कऱ्हेकाठ

आमचे गाव पुरंदर तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेवर आहे. वारकऱ्यांची सेवा करण्यात आमच्या पिढ्या गेल्या, तरी पालखी पुढे गेल्यानंतर शेताच्या कडेने चालणे अवघड होत असे आणि त्याविषयी बोलणे म्हणजे वारीची निंदा, अशी भावना होती. निर्मल वारीच्या उपक्रमात मुक्कामाच्या ठिकाणी फिरती शौचालये आली आणि स्वयंसेवक पहाटे उभे राहू लागले, तेव्हापासून मोठा फरक पडला आहे.

संवादाच्या दृष्टीने त्यातल्या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. वारकऱ्याला रात्रीच्या मुक्कामात रस्ता माहीत नसतो. म्हणून त्याला स्वच्छतेचे महत्त्व सांगण्यापेक्षा शौचालय कोठे आहे, तेथे उजेड व पाणी आहे काय, हे सांगणे अधिक निकडीचे असते. उंच बांबूवर दिवा आणि खाली मोठा बाण, एवढ्याने अर्धे काम होते. दुसरी गोष्ट अशी, की दिंडीत शब्द चालतो तो दिंडीप्रमुखाचा व विणेकऱ्याचा. त्यांच्याशी मुक्कामाआधी बोलणे झाले आणि त्यांनी रात्रीच्या भजनानंतर सूचना दिली, तर पूर्ण दिंडी ती पाळते. कलापथकाचे भारूड लोक आनंदाने ऐकतात व त्याचा उपयोगही होतो, परंतु पहाटे तीन वाजता स्मरणात राहते ते आपल्या प्रमुखाचे सांगणे. वयस्कर वारकरी मात्र फिरत्या शौचालयाच्या उंच पायऱ्या चढू शकत नाहीत. त्यांच्यासाठी जमिनीलगतची सोय वाढली पाहिजे, नाहीतर त्यांना कोणत्या तोंडाने काही सांगावे?

प्रतिसाद : मावळवारा

चर्चा वाचत होतो. पथक आता आमच्याकडे नाही आणि मुठाकाठ म्हणतात तसे काही जण ओढ्याकडे जातात, हेही खरे आहे. चुनाविटा यांनी लिहिलेली पाणी उलटण्याची अडचण आमच्या खालच्या आळीत प्रत्येक आषाढात येते आणि बाहेर जाणारी बहुतेक घरे त्याच आळीतील आहेत. त्या घरांना ग्रामसभेत उभे करून आम्ही प्रश्न विचारले होते, खड्ड्यांची पाहणी मात्र केली नव्हती. पुढच्या ग्रामसभेत वित्त आयोगाच्या निधीतून ते खड्डे उंचावण्याचा विषय ठेवण्यासाठी मी सरपंचांना पत्र देणार आहे. दंडाविषयी माझे मत मी पूर्णपणे सोडलेले नाही. ज्याचे शौचालय सुस्थितीत आहे, घरी पाणी आहे आणि तरीही जो रस्त्याकडेला बसतो, त्याला ग्रामसभेने बोलावणे योग्यच आहे. पण ते शेवटी.

प्रतिसाद : मुठाकाठ

मावळवारा, ‘ते शेवटी’ या क्रमाशी मी सहमत आहे. पत्राचा मसुदा हवा असल्यास अवश्य कळवा. चुनाविटा, दाराच्या आतील तारखेची सूचना मी आजच आमच्या गवंडी प्रशिक्षणाच्या टिपणात घेतली.

ओवी, आपल्याला एक विचारायचे आहे. आमच्या समितीची बैठक रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात होते आणि तेथे बायका येत नाहीत, आल्या तरी बोलत नाहीत. आपण आपल्या वस्तीत हे कसे जमवले?

प्रतिसाद : ओवी

मंडळाच्या कार्यालयात बायका येणार नाहीत, कारण ती जागा मुलांची व पुरुषांची आहे, आणि रविवारी सकाळी पाणी भरणे, कपडे धुणे हे सर्व एकाच वेळी असते. आमची बैठक दुपारी तीनच्या सुमारास होते. धुण्याभांड्याच्या कामावरून बायका परत आलेल्या असतात आणि संध्याकाळचे पाणी अजून आलेले नसते. जागा म्हणाल तर अंगणवाडीची खोली किंवा शौचालयासमोरचा ओटा. ओट्यावर बसले, की बोलताना दार दाखवता येते. पुरुषांना आम्ही नंतर, वेगळ्या दिवशी बोलावतो आणि बायकांनी काढलेली यादी तेथे वाचून दाखवतो, म्हणजे ‘अमकीने तक्रार केली’ असे होत नाही. यादी आमच्या एका मुलीने वहीत लिहिली आहे. कोणत्या क्रमांकाचे दार, काय मोडले, क्षेत्रीय कार्यालयात कधी कळवले, कोणत्या तारखेपर्यंत करतो म्हणाले, आणि झाले का. प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या पानावरचे शेवटचे दोन रकाने वाचून होते. तुमच्या समितीतील दोघी-तिघींना पुढच्या बैठकीला आमच्याकडे पाठवा, त्यांनी वही पाहावी आणि आमच्या बायकांशी त्यांचे त्यांनी बोलावे.